पडण्याला हसणे आणि असण्याला हसणे

स्लॅपस्टिक हे मुळात एका वस्तूचे नाव आहे. सोळाव्या शतकापासून इटलीच्या चौकांत आणि जत्रांत ‘कोमेदिया देल्लार्ते’ नावाचे मुखवटानाट्य रंगत असे. त्यातला आर्लेकिनो हा विदूषक दोन चपट्या लाकडी पट्ट्यांची काठी घेऊन वावरे. ती कोणाच्या पाठीत बसली की दोन्ही पट्ट्या एकमेकींवर आपटत आणि केवढा तरी आवाज होई, पण मार खाणाऱ्याला फारसे लागत नसे. या काठीवरूनच पुढे धडपड, मारामारी, पळापळ आणि फजिती यांवर उभ्या असलेल्या विनोदाला स्लॅपस्टिक म्हणू लागले. आवाज मोठा आणि इजा थोडी, हा त्या काठीचा गुण आहे आणि या विनोदाची नैतिक अटही तीच आहे. प्रेक्षक मोकळेपणाने हसतो, कारण पडलेला माणूस उठणार आहे, अंग झटकणार आहे आणि पुन्हा पळणार आहे हे त्याला ठाऊक असते.

चित्रपटाच्या जन्माबरोबर हा विनोद पडद्यावर आला. लुमिए बंधूंच्या 1895 सालच्या एका मिनिटाहून छोट्या चित्रपटात एक माळी बागेला पाणी घालत असतो. एक पोरगा मागून येऊन नळीवर पाय ठेवतो, पाणी थांबते, माळी नळीच्या तोंडात डोकावतो आणि पोरगा पाय उचलतो. 1912 मध्ये मॅक सेनेटने लॉस एंजेलिसमध्ये कीस्टोन कंपनी काढली. त्यानंतरच्या दीड दशकात चार्ली चॅप्लिन, बस्टर कीटन, हॅरॉल्ड लॉइड, मेबल नॉर्मंड यांनी या विनोदाला कलेच्या उंचीवर नेले. याच चित्रपटांत तोंडाला काळे फासलेले नोकर आहेत, भुताला घाबरून डोळे पांढरे करणारी कृष्णवर्णीय पात्रे आहेत, आणि ज्यांचा लठ्ठपणा किंवा तिरळेपणा हाच विनोद आहे अशी माणसेही आहेत. इथे एक जुना तात्त्विक प्रश्न उभा राहतो. माणसाला हसणे आणि त्याला आपल्या बरोबरीचा मानणे या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात का? नांदत असतील तर कोणत्या अटीवर?

हसण्याविषयीचे विचार

या प्रश्नाची पहिली सविस्तर मांडणी प्लेटोच्या ‘फिलेबस’ या संवादात आढळते. प्लेटोच्या मते स्वतःविषयीचे अज्ञान माणसाला हास्यास्पद बनवते. आपण आहोत त्याहून सुंदर, श्रीमंत किंवा शहाणे आहोत असे त्याला वाटत असते. मात्र असा भ्रम बलवंताच्या ठिकाणी असेल तर तो भयंकर ठरतो. तो दुर्बळाच्या ठिकाणी असेल तरच आपण हसतो. म्हणून हसण्याच्या सुखात मत्सराची कडवट छटा मिसळलेली असते, असे प्लेटो सांगतो. अॅरिस्टॉटलने ‘काव्यशास्त्रा’त अट घातली की हास्यास्पद दोष वेदना देणारा किंवा नाश करणारा नसावा. विद्रूप असूनही दुःख न दाखवणारा विनोदी मुखवटा हे त्याचे उदाहरण होते. आर्लेकिनोची काठी म्हणजे याच अटीचे लाकडी रूप. सतराव्या शतकात टॉमस हॉब्जने हसण्याचे मूळ श्रेष्ठत्वाच्या अकस्मात जाणिवेत शोधले. दुसऱ्याचे उणे दिसताच आपण वर चढल्यासारखे वाटते आणि हसू फुटते, असा त्याचा निष्कर्ष होता. इमॅन्युएल कांटने 1790 च्या ग्रंथात वेगळा मार्ग धरला. ताणून धरलेली अपेक्षा एकदम फोल ठरते आणि त्या धक्क्यातून हसू येते, असे त्याने म्हटले.

भारतीय परंपरेत नाट्यशास्त्र या प्राचीन नाट्यग्रंथाच्या सहाव्या अध्यायात हास्यरसाचे विवेचन आहे. विकृत वेश, विपरीत अलंकार, असंबद्ध बोलणे, व्यंगदर्शन ही या रसाची कारणे म्हणून सांगितली आहेत. स्वतः हसणे ते आत्मस्थ हास्य आणि दुसऱ्याला हसवणे ते परस्थ, असे दोन प्रकार त्यात आहेत. स्मितापासून अतिहसितापर्यंत सहा पायऱ्याही आहेत. पण या पायऱ्या उत्तम, मध्यम आणि अधम अशा माणसांत वाटून दिल्या आहेत, आणि हा रस स्त्रियांत व हीन पात्रांत अधिक दिसतो असेही तिथे नोंदले आहे. हसण्याची पातळी आणि माणसाची पातळी यांची गाठ इतक्या जुन्या काळी मारली गेली होती. त्यामुळे स्लॅपस्टिकमधील पूर्वग्रह हा एका देशाचा किंवा एका धंद्याचा दोष म्हणून बाजूला ठेवता येत नाही. हसण्याची शिस्त जिथे जिथे मांडली गेली, तिथे तिथे कोणाला हसायचे हेही बहुधा आधीच ठरून गेले होते.

मराठीत या फरकासाठी वेगवेगळे शब्द आहेत. फजिती होते, ती कोणाचीही होऊ शकते, आणि ती सांगताना सांगणारा स्वतःही हसतो. थट्टा केली जाते, पण तिला परतफेडीची मुभा असते. टिंगलीत ही मुभा आकसते. कुचेष्टेत ती उरतच नाही. जिची कुचेष्टा होते ती व्यक्ती हसणाऱ्यांच्या वर्तुळाबाहेर उभी असते. स्लॅपस्टिकचे परीक्षण करायला या शब्दांचा चांगला उपयोग होतो.

बर्गसाँ आणि शोकोला

आंरी बर्गसाँ या फ्रेंच तत्त्वज्ञाचे हास्यावरील पुस्तक 1900 साली प्रसिद्ध झाले. स्लॅपस्टिकला इतके जवळचे दुसरे तत्त्वज्ञान नाही. रस्त्यावर पळणारा माणूस ठेचकाळून पडतो आणि बघणारे हसतात, अशा साध्या उदाहरणाने बर्गसाँ आरंभ करतो. त्या माणसाने परिस्थिती बदलताच चाल बदलायला हवी होती, पण अंग सवयीने तसेच पुढे गेले. सजीवावर यंत्राचा कडकपणा चढलेला दिसला की हसू येते, हे त्याचे सूत्र आहे. समाज हसून त्या ताठरपणाला वळण लावतो. त्यासाठी हसणाऱ्याचे हृदय क्षणभर बधिर व्हावे लागते, हेही तो स्पष्ट सांगतो.

याच पुस्तकात तो एक असा प्रश्न विचारतो, ज्यापाशी आजचा वाचक थबकतो: कृष्णवर्णीय माणसाला पाहून हसू का येते? एका गाडीवानाने आपल्या गाडीतल्या कृष्णवर्णीय गिऱ्हाइकाला ‘नीट न धुतलेला’ म्हटल्याचा किस्सा तो देतो. मग उत्तर देतो की काळा चेहरा कल्पनाशक्तीला शाई किंवा काजळी फासल्यासारखा, म्हणजे सोंगासारखा वाटतो. बुद्धीला हे खरे वाटत नाही, कल्पनेला मात्र वाटते, एवढी पुस्तीही तो जोडतो.

हे पुस्तक लिहिले जात होते तेव्हा पॅरिसच्या ‘नूव्हो सिर्क’ या सर्कशीत फुटिट आणि शोकोला ही विदूषकांची जोडी गाजत होती. शोकोलाचे खरे नाव राफाएल. गुलामगिरी चालू असलेल्या क्यूबात जन्मलेला हा माणूस पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाला, तो मार खाणारा विदूषक म्हणून. इंग्रज फुटिट हुकूम सोडायचा, थपडा मारायचा. शोकोला त्या झेलायचा आणि कोलमडायचा. लुमिए कंपनीने त्यांचे काही प्रवेश चित्रित केले आहेत. ते पाहताना शोकोलाचे कसब लगेच कळते. पडण्याआधीचा क्षणभराचा तोल, उठण्यातली चपळाई, समोरच्याच्या हालचालीला दिलेला अचूक प्रतिसाद यांत ताठरपणाचा मागमूस नाही. 1917 मध्ये तो बोर्दो येथे हलाखीत मरण पावला.

बर्गसाँचे सूत्र त्याच्याच किश्शाला लावून पाहिले की निकाल उलटा लागतो. गाडीत बसलेल्या गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यात कसलाही ताठरपणा नाही. तो त्याचा स्वतःचा चेहरा आहे. ताठर आहे तो गाडीवानाचा डोळा. नवा चेहरा समोर आला तरी तो सवयीने जुनाच साचा त्यावर बसवतो, पळता पळता ठेचकाळणाऱ्या माणसासारखा. म्हणजे बर्गसाँच्याच नियमाने इथे हास्यास्पद ठरतो तो हसणारा. तत्त्वज्ञानात चूक नव्हती. चूक होती ती ‘आपल्याला हसू येते’ या वाक्यातील ‘आपण’ कोण, हे न विचारण्यात.

साचे कुठून आले

अमेरिकी चित्रपटाने हे साचे रंगभूमीवरून घेतले. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून तिथे ‘मिन्स्ट्रेल शो’ लोकप्रिय होते. गौरवर्णीय नट जळक्या बुचाची काजळी तोंडाला फासून गुलामांची गाणी, नाच आणि बोली यांची नक्कल करत. पुढे व्हॉडव्हिल या विविध करमणुकीच्या रंगमंचावर आयरिश, जर्मन, ज्यू, इटालियन, स्वीडिश अशा स्थलांतरितांचीही ठरीव सोंगे रूढ झाली. कीस्टोनचा फोर्ड स्टर्लिंग जर्मन सोंगातून आला होता, तर वॉलेस बीरी ‘स्वीडी’ नावाच्या स्वीडिश मोलकरणीच्या वेशात हसवत असे.

मूकपटाला या सोंगांची गरजही होती. दोन रिळांचा चित्रपट जेमतेम वीस मिनिटे चाले. पात्राची ओळख शब्दांनी सविस्तर करून देणे शक्य नव्हते. टोपी, दाढी, चालण्याची ढब दिसताच प्रेक्षकाने माणूस ओळखायचा आणि लगेच धावाधाव सुरू व्हायची. पाच सेंट तिकिटाच्या ‘निकलोडियन’ चित्रगृहांत येणाऱ्यांतही स्थलांतरित कामगारांचा भरणा मोठा होता. त्यांपैकी बरेच जण पडद्यावर आपलेच सोंग पाहून हसत होते. कृष्णवर्णीय प्रेक्षकांची स्थिती मात्र वेगळी होती. 1896 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वांशिक विभागणी कायदेशीर ठरवली होती, आणि अनेक चित्रगृहांत कृष्णवर्णीयांना वरच्या सज्जात वेगळे बसवले जाई. पडद्यावरच्या नकलेला खालून हशा उठे, आणि ज्याची नक्कल चालली आहे तो वरून तो हशा ऐके.

एकाच चित्रपटातील दोन हसणी

बस्टर कीटनचा ‘सेव्हन चान्सेस’ (1925) हा या प्रश्नाचा नमुना म्हणून अभ्यासण्याजोगा आहे. नायकाला सत्ताविसाव्या वाढदिवशी संध्याकाळी सातच्या आत लग्न करायचे आहे; केले तर सत्तर लाख डॉलर मिळणार आहेत. दिसेल त्या बाईला मागणी घालत तो रस्त्याने फिरतो. पाठमोरी चाललेली एक स्त्री पाहून तो लगबगीने तिला गाठतो, तिचा चेहरा पाहतो आणि मुकाट्याने मागे फिरतो. ती कृष्णवर्णीय आहे. विनोद एवढाच. तिने काहीही केलेले नाही, ती घसरलेली नाही, फसलेली नाही. ती फक्त तिथे आहे. याच चित्रपटात निरोप घेऊन येणारा मठ्ठ नोकर आहे, आणि ती भूमिका गौरवर्णीय नटाने तोंडाला काळे फासून केली आहे.

शेवटाकडे नायक उतारावरून पळत सुटतो. एक लहान दगड गडगडतो, त्यामागून दुसरा, मग धोंड्यांचा लोंढाच त्याच्या अंगावर येऊ लागतो. तो उड्या मारतो, वाकतो, झाडावर चढतो, झाडच कोसळते, तरी पळतो. इथे कीटनचा वर्ण, देश, धर्म काहीच मोजले जात नाही. उतार सर्वांसाठी सारखाच असतो. या प्रसंगाला हसणारा प्रेक्षक मनोमन त्याच्याबरोबर पळत असतो.

या दोन प्रसंगांतला फरक हाच सगळ्या विषयाचा गाभा आहे. पहिल्यात असण्याला हसले जाते, दुसऱ्यात पडण्याला. पडणे ही घटना आहे. ती आज त्याच्यावर आली, उद्या कोणावरही येईल. असणे ही घटना नव्हे. त्यातून उठता येत नाही आणि अंगही झटकता येत नाही. पडण्याला हसताना माणसे एका पातळीवर येतात, कारण गुरुत्वाकर्षण कोणाची प्रतिष्ठा पाहत नाही. म्हणून स्लॅपस्टिकमध्ये पोलीस, बँकवाले, सरदार, जाडजूड मिशांचे अधिकारी पुन्हा पुन्हा पडतात. शरीरापुढे सगळे सारखे, हा या कलेचा मूळ विचार आहे. वर्णाला हसणारा प्रसंग या विचाराशीच दगा करतो. त्याला दोष द्यायला आजच्या काळाची फूटपट्टी लागत नाही. स्लॅपस्टिकची स्वतःची फूटपट्टी पुरेशी आहे.

कीटनच्याच इतर चित्रपटांत ही ओढाताण दिसते. ‘कॉलेज’ (1927) मध्ये नायक काळे फासून कृष्णवर्णीय वेटर म्हणून नोकरी धरतो. स्वयंपाकघरात खरे कृष्णवर्णीय आचारी आहेत. गालावरचा रंग पुसला जातो आणि त्याचे पितळ उघडे पडते. वेटरची चाल ही कुचेष्टाच आहे. पण काळे सोंग म्हणजे निव्वळ रंग असतो आणि खरी माणसे त्याच्या शेजारी उभी असतात, हेही तोच प्रसंग नकळत सांगून जातो. ‘द पेलफेस’ (1922) मध्ये तेलाच्या व्यापाऱ्यांनी अमेरिकेतील आदिवासींची जमीन लाटली आहे, आणि फुलपाखरे पकडणारा नायक शेवटी आदिवासींच्या बाजूने उभा राहतो. कथेची सहानुभूती योग्य जागी आहे, मात्र टोळीच्या प्रमुखाच्या भूमिकेत गौरवर्णीय नट जो रॉबर्ट्स आहे. बाजू घेणे आणि जागा देणे या वेगळ्या गोष्टी आहेत, हे यावरून कळते.

चॅप्लिनचा ‘द इमिग्रंट’ (1917) या बाबतीत अधिक पुढे जातो. हेलकावणाऱ्या जहाजावर गरीब स्थलांतरित दाटीवाटीने बसले आहेत; जेवणाची ताटे टेबलावर इकडून तिकडे घसरतात. स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा दिसतो, सगळे त्याकडे पाहतात, आणि त्याच क्षणी अधिकारी दोर लावून त्यांना गुरांसारखे एका बाजूला दाबतात. चॅप्लिनचा भटक्या वळून पुतळ्याकडे पुन्हा एकदा पाहतो. मग संधी साधून अधिकाऱ्याला लाथ घालतो. घसरणाऱ्या ताटांवरचे हसू सर्वांचे आहे, आणि लाथ वरच्या दिशेने गेली आहे. प्लेटोने सांगितले होते की आपण दुर्बळाच्या भ्रमाला हसतो. चॅप्लिनने बलवंताच्या भ्रमालाही हसता येते हे दाखवले.

मुखवट्यामागचा माणूस

आरंभीच्या चित्रपटांत काही वेळा हसण्याची सूत्रे कृष्णवर्णीय पात्राच्या हाती गेली आहेत. एडिसन कंपनीच्या 1903 सालच्या ‘व्हॉट हॅपन्ड इन द टनेल’ मध्ये आगगाडीतला एक पुरुष शेजारच्या गौरवर्णीय तरुणीशी लगट करतो. गाडी बोगद्यात शिरते, अंधार होतो. उजेड येतो तेव्हा तो तरुणीच्या कृष्णवर्णीय दासीचे चुंबन घेत असतो. दोघींनी जागा बदललेल्या असतात. दासीचा वर्ण हीच त्या पुरुषाची फजिती मानली आहे, हे या विनोदाचे वंशवादी गृहीतक. पण दोघी मिळून त्याला हसतात, हेही तितकेच खरे. कट दोघींचा आहे.

याच कंपनीच्या 1907 च्या ‘लाफिंग गॅस’ मध्ये बर्था रेगस्टस या कृष्णवर्णीय अभिनेत्रीने मुख्य भूमिका केली. दाढदुखीने बेजार झालेली मँडी डोक्याला फडके बांधून दंतवैद्याकडे जाते. तो तिला हसवणारा वायू देतो आणि तिचे हसू थांबेनासे होते. दंतवैद्य हसू लागतो, गाडीतले प्रवासी हसतात, पोलीस हसतो, न्यायालयात न्यायाधीशालाही हसू आवरत नाही, आणि चर्चमधली शांतताही मोडते. तिच्या हसण्यापुढे कोणाचाच हुद्दा टिकत नाही. नाट्यशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर आत्मस्थ हास्य पाहता पाहता परस्थ होते. ती हास्याचा विषय न राहता हास्याचे उगमस्थान बनते.

बर्ट विल्यम्सची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. बहामात 1874 साली जन्मलेला हा नट न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर अत्यंत यशस्वी झाला. 1910 पासून ‘झिगफेल्ड फॉलीज’ या बड्या कार्यक्रमात गौरवर्णीय कलाकारांबरोबर तो उभा राहिला. स्वतः कृष्णवर्णीय असूनही तो तोंडाला काळे फासूनच रंगमंचावर येई. प्रेक्षकाला सवय होती ती त्या मुखवट्याची. 1913 मध्ये त्याला घेऊन चित्रित झालेला एक विनोदी चित्रपट अपुरा राहिला. त्याची रिळे न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात अनेक दशके पडून होती. जुळवाजुळव करून ती 2014 मध्ये ‘लाइम किल्न क्लब फील्ड डे’ या नावाने दाखवली गेली. त्यात कृष्णवर्णीय कलाकारांचा मोठा ताफा आहे. काळे फासले आहे ते विल्यम्सने. त्याच्याभोवतीचे नटलेले तरुण-तरुणी आपल्याच चेहऱ्यांनी वावरतात. ते जत्रेत फिरत्या घोड्यांवर बसतात, डौलात केकवॉक नाचतात, आणि विल्यम्स व नायिका ओडेसा वॉरन ग्रे यांचे कोवळे चुंबनही त्यात आहे. दोन दृश्यांच्या मधली, एरवी कापून टाकली जाणारी रिळेही उरली आहेत. कॅमेरा पुन्हा सुरू होण्याची वाट पाहत उभे असलेले नट त्यांत दिसतात. मुखवटा तोच, पण त्याच्यामागचा माणूस त्या काही सेकंदांत स्वच्छ दिसतो.

हॅल रोचने 1922 मध्ये सुरू केलेल्या ‘अवर गँग’ या लघुपटमालेत कृष्णवर्णीय आणि गौरवर्णीय मुले एकत्र खेळताना दिसली. देशाच्या मोठ्या भागात शाळा वेगळ्या होत्या त्या काळात. ‘सनशाइन सॅमी’ या नावाने गाजलेला अर्नेस्ट मॉरिसन आणि ‘फॅरिना’ झालेला अॅलन हॉस्किन्स हे त्यातले मोठे बालकलावंत. ही मुले टोळीत बरोबरीने कट रचतात, बरोबरीने मार खातात. तरीही डोळे विस्फारणे, भुताची भीती, कलिंगडाची हाव असे मिन्स्ट्रेलचे जुने साचे त्यांच्याच वाट्याला येतात. एकाच चित्रपटात फजितीही आहे आणि कुचेष्टाही.

स्त्री आणि शरीर

स्त्रियांच्या वाट्याला स्लॅपस्टिकमध्ये आरंभी बरीच मोकळीक आली. मेबल नॉर्मंड पाण्यात उडी मारे, गाडी हाके, मारामारी करे. 1914 मध्ये तिने कीस्टोनसाठी दिग्दर्शनही केले. त्याच वर्षी मारी ड्रेसलर ही थोराड बांध्याची नटी ‘टिलीज पंक्चर्ड रोमान्स’ या पूर्ण लांबीच्या विनोदी चित्रपटाची नायिका झाली. स्त्री नाजूक असते, तिला हसायचे तर तिच्या सौंदर्यात न्यून हवे, या समजुतीला नॉर्मंडने उत्तर दिले. ती सुंदरही होती आणि धडपडतही होती.

शारीरिक वेगळेपणाबाबत मात्र हा विनोद वारंवार असण्याकडे घसरला. रॉस्को आर्बकलला पडद्यावर ‘फॅटी’ हे नाव चिकटले. ते त्याला आवडत नसे. त्याची चपळाई विलक्षण होती, पण जाहिरात होई ती वजनाची. बेन टर्पिनचे तिरळे डोळे हीच त्याची ओळख बनली. याउलट हॅरॉल्ड लॉइडने 1919 मध्ये स्फोटात उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी गमावली. त्यानंतर कृत्रिम बोटांचा मोजा घालून तो काम करत राहिला. ‘सेफ्टी लास्ट’ (1923) मध्ये घड्याळाच्या काट्याला लोंबकळतो तो हाच हात. नायकाचे व्यंग काळजीपूर्वक झाकले जाते आणि विदूषकाचे व्यंग मोठे करून दाखवले जाते, या पद्धतीतच कोणाच्या प्रतिष्ठेची कदर होती ते दिसून येते.

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

या चिकित्सेवर साधारणपणे तीन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की काळच तसा होता. पण त्या काळातही विरोध होत होता. शिकागोच्या एबनी फिल्म कंपनीने कृष्णवर्णीय नटांना घेऊन काढलेल्या विनोदी चित्रपटांवर ‘शिकागो डिफेंडर’ या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राने तेव्हाच आक्षेप घेतला होता. त्या काळाचा आवाज एकच होता असे म्हणणे म्हणजे सज्जातल्या प्रेक्षकाला पुन्हा एकदा मोजणीतून वगळणे आहे.

दुसरा आक्षेप असा की आयरिश, जर्मन, ज्यू यांचीही टिंगल झालीच. ती झाली, पण जखमेची खोली सारखी नव्हती. युरोपीय स्थलांतरिताला पुढच्या पिढीत बोलीचा हेल टाकून देता येई आणि सोंग मागे पडे. शिवाय मॅक्स डेव्हिडसनसारखे ज्यू विनोदी नट आपल्या समाजाचे पात्र स्वतः रंगवत होते. ‘पास द ग्रेव्ही’ (1928) मध्ये त्याची फजिती प्रेमळ बापाची आहे. कृष्णवर्णीयाला असे सुटता येत नव्हते. चित्रगृहाबाहेर वेगळे डबे, वेगळ्या शाळा आणि जमावाकडून होणाऱ्या हत्या होत्या. तिथे काठीची अट मोडते. पडद्यावर आवाज मोठा आणि इजा थोडी दिसते खरी, पण इजा बाहेरच्या माणसाला होते आणि तिचा आवाज आत ऐकू येत नाही.

तिसरा आक्षेप हा की विनोद हा केवळ खेळ आहे, त्याला मत नसते. रोनाल्ड द सूझा या तत्त्वज्ञाने 1987 मध्ये याचा चांगला प्रतिवाद केला. काही विनोद असे असतात की ते समजायला एखादी माहिती पुरत नाही. त्यांना हसण्यासाठी ती वृत्ती क्षणभर स्वतःची करावी लागते. कृष्णवर्णीय स्त्रीला पाहून नायक मागे फिरतो हे कळायला बुद्धी पुरते; त्याला हसायला मात्र तिच्याशी लग्न ही अशक्य कोटीतली गोष्ट आहे हे मनाने मान्य असावे लागते.

कोणाची प्रतिष्ठा जपायची याबाबत धंद्याने स्वतःच एक पुरावा मागे ठेवला आहे. हॉलीवूडच्या 1930 च्या आचारसंहितेने कोणत्याही धर्मश्रद्धेची खिल्ली उडवण्यास आणि धर्मगुरूंना विनोदी पात्र म्हणून दाखवण्यास मनाई केली. याच संहितेने गौरवर्णीय आणि कृष्णवर्णीय यांच्यातले प्रेमसंबंध दाखवण्यासही बंदी घातली. विनोद कोणाला तरी दुखवतो हे संहिता लिहिणाऱ्यांना पक्के ठाऊक होते. चर्चमधला पाद्री त्यांना दिसला, सज्जातला प्रेक्षक दिसला नाही.

जतन आणि दर्शन

या चित्रपटांचे आता काय करायचे, हा शेवटचा प्रश्न. नाट्यशास्त्राच्या पहिल्या अध्यायातील कथा इथे उपयोगी पडते. पहिले नाटक इंद्रध्वजाच्या उत्सवात झाले आणि त्यात दैत्यांचा पराभव दाखवला होता. ते पाहून दैत्य व विघ्ने चिडली, त्यांनी नटांची वाणी आणि स्मृती गोठवली. इंद्राने ध्वजदंडाने त्यांना झोडपले, पण त्याने प्रश्न मिटला नाही. अखेर ब्रह्मदेवाने सामोपचार पत्करला. त्यांच्यातल्या विरूपाक्षाने तक्रार मांडली की देवांसाठी हे नाट्य निर्माण करून आमची अवहेलना केली. तुमच्यापासून तर देव आणि दैत्य दोघेही झाले. ब्रह्मदेवाने उत्तर दिले की नाट्य एकट्या देवांचे नाही आणि एकट्या दैत्यांचेही नाही. ते तिन्ही लोकांच्या भावांचे अनुकीर्तन आहे. प्रतिनिधित्वाची ही बहुधा सर्वांत जुनी मांडणी असावी. तिच्यात तीन गोष्टी आहेत: ज्याचे चित्र रंगवले त्याला बोलण्याचा हक्क आहे, दंडुका हे त्याला उत्तर नव्हे, आणि रंगभूमीवर सर्वांची जागा असली पाहिजे.

यावरून काही निकष हाती येतात. विनोद पात्राच्या पडण्यावर आहे की असण्यावर, हे प्रथम पाहावे. पात्राच्या जागी दुसऱ्या वर्णाचा किंवा बांध्याचा माणूस ठेवला तर विनोद टिकतो का, हे त्याचे परीक्षण. पात्राला उलट हसण्याची, कट रचण्याची, निसटण्याची मुभा आहे का, हा दुसरा निकष. आणि इजा खरोखर कोणाला होते, तो प्रेक्षागृहात कुठे बसला आहे, हा तिसरा. ‘लाफिंग गॅस’ मधील मँडी या कसोटीला बऱ्याच अंशी उतरते, ‘सेव्हन चान्सेस’ मधील रस्त्यावरची स्त्री उतरत नाही, आणि दोन्ही चित्रपट जपून ठेवण्यासारखे आहेत.

कापाकापी हा त्यावरचा उपाय नाही, हे ‘अवर गँग’च्या अनुभवावरून दिसते. दूरचित्रवाणीवर दाखवताना 1970 च्या दशकात त्यातील वांशिक प्रसंग कापले गेले. हेतू चांगला होता. पण कापलेल्या तुकड्यांबरोबर हॉस्किन्स आणि त्याच्यानंतर आलेल्या कृष्णवर्णीय मुलांचे कामही गेले. कुचेष्टा पुसताना ज्यांची कुचेष्टा झाली तेच पुसले गेले. म्हणून चित्रपट पूर्ण जपावेत, संदर्भ सांगून दाखवावेत, आणि बर्ट विल्यम्सची रिळे जशी जुळवली तशी विस्मरणात गेलेल्या कलाकारांची कामे शोधून त्यांच्या नावानिशी पुढे आणावीत. असे पाहणाऱ्या प्रेक्षकाला हसू आवरावे लागत नाही. आपण कोणाबरोबर हसतो आहोत आणि कोणाला वर्तुळाबाहेर ठेवतो आहोत, एवढे मात्र त्याला हसता हसता कळत राहते.